वस्तीत शिजवलेलं जेवण द्यावं, किराणा द्यावा की रेशन मिळवून द्यावं?

शिदोरी
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला आमचं संकुल आहे. मागच्या बाजूला नाल्यापलीकडे बांधकाम मजुरांची वस्ती आहे, पत्रा आणि ताडपत्रीची घरं. बहुतेक कुटुंबं जालना, परभणी, हिंगोलीकडची, काही जव्हार-मोखाड्याची, थोडी झारखंडची. लॉकडाउनमध्ये आम्ही काही बायकांनी तिथे जेवण पोचवायला सुरुवात केली आणि ते पुढेही चालू राहिलं. दर रविवारी मसालेभात किंवा खिचडी, सोबत केळं. पैसे संकुलातले लोक हौसेने देतात, वाढायला कॉलेजची मुलं येतात.

मागे एकदा एक बाई रांगेत न येता बाजूला उभी राहिली. बोलावलं तर म्हणाली, "तांदूळ हायेत घरात ताई. तेल मिळंल का वाईच?" हातात औषधाची रिकामी बाटली होती, तेवढीच भरून हवी होती तिला. आमच्याकडे भाताचं भलंमोठं पातेलं होतं आणि तेल सगळं त्या भातात गेलेलं.

तेव्हापासून आमच्या गटात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, शिजवलेलं अन्न थेट पोटात जातं, त्यात फसवणूक नाही. माझं मत असं होत चाललंय की एका रविवारच्या जेवणाने बाकीचे सहा दिवस तसेच राहतात. महिन्याचा किराणा द्यावा का? की त्यांना रेशन मिळवून देण्यात वेळ घालावा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी अनुभव सांगा. शक्य असेल तर अगदी यादीसकट सांगा.

ठाणेकरीण
शिदोरी, मी कासारवडवलीत राहते. रविवारी येऊ शकते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

खारीबिस्कीट
आधी तुमच्या गटाचं कौतुक. सोसायटीत पार्किंगवरून सोडून दुसऱ्या कशावरून तट पडलेत हे पहिल्यांदाच ऐकतोय.

नाना_पेठ
पुण्यात हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' आहे. बाबा आढावांनी १९७४ मध्ये सुरू केली. मार्केट यार्डातल्या हमालांना, तोलणारांना, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांना, शिकायला आलेल्या पोरांना परवडेल अशा दरात झुणका-भाकर, भाजी, भात. मी विद्यार्थी असताना तिथेच जेवलो, म्हणून अगत्याने लिहितोय. ते केंद्र दानावर चालत नाही. ना नफा ना तोटा, आणि भाकरी थापणाऱ्या बायकांना पगार. माणूस पैसे देऊन ताट घेतो, मीठ कमी पडलं तर बोलून दाखवतो. फुकटच्या रांगेत उभा असलेला माणूस मिठाबद्दल कधी बोलत नाही.

त्यामुळे माझं सांगणं एवढंच की काहीही द्या, पण नाममात्र का होईना पैसे घ्या.

परळची_सून
@नाना_पेठ, पैसे घ्या हे सगळीकडे लागू होत नाही. मी परळला राहते. टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर बिहार, बंगाल, यूपी आणि आपल्या विदर्भ-खानदेशातून आलेली माणसं महिना-महिना असतात. शेत गहाण टाकून आलेली. उपचार कमी खर्चात होतात, पण पेशंटबरोबरच्या दोन माणसांचं रोजचं खाणं मुंबईत कोण भागवणार? दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा या लोकांचा केवढा मोठा आधार आहे! बाबांच्या दशसूत्रीतलं पहिलं सूत्रच 'भुकेलेल्यांना अन्न'. पण एका धर्मशाळेत किती जण मावतील?

इथे शिजवलेलंच अन्न लागतं, कारण चूल पेटवायला जागा नाही. मात्र काय शिजवता याचा विचार हवा. वाढदिवसाला गाडी घेऊन लोक येतात आणि वडापाव, पुलाव, फरसाण वाटून जातात. समोरचा पेशंट तोंडाच्या कॅन्सरचा असतो, रेडिएशनने तोंड आतून सोलवटलेलं. त्याला तिखटाचा कणही सहन होत नाही. कुणाच्या नाकातून नळी घातलेली असते, त्याला गाळलेलं पातळच चालतं. आमच्या चाळीतल्या सहा-सात जणी आळीपाळीने मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी आणि तांदळाची पेज थर्मासमधून नेतो. नातेवाइकांसाठी पोळी-भाजी वेगळी. मागच्या पावसाळ्यात नंदुरबारकडच्या एका आजोबांना चमच्याने पेज भरवत होते. त्यांनी हाताने खूण करून थांबवलं, पिशवीतून स्वतःचा चमचा काढला. त्यांचा चमचा छोटा, बाळाचा होता. आमचा चमचा त्यांच्या तोंडात जातच नव्हता. आता आमच्या पिशवीत तसेच चमचे असतात.

शिदोरी
परळची_सून, चमच्यांचं वाचून सुन्न झाले. पेजेत मीठ किती घालता? आमच्या एका सभासदाची आई उपचार घेतेय, तिला सांगते.

परळची_सून
अगदी बेताचं. आणि एक चमचा तूप. लिंबू, टोमॅटो अजिबात नाही, झोंबतं. मात्र प्रत्येकाला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आधी विचारायचं. मधुमेह असतो, काहींना मीठ बंद असतं.

रोखठोक
थोडं कटू बोलतो. रेशनचं धान्य २०२३ पासून पूर्ण फुकट आहे. दिवाळीला आनंदाचा शिधा झाला, शिवभोजन आहे. वर तुम्ही रविवारी खिचडी देणार. माझा शेतीचा व्यवसाय आहे, नाशिक जिल्ह्यात. छाटणीच्या हंगामात मजूर मिळत नाही. माणसाला बसून मिळायला लागलं की तो हात चालवत नाही. मदत म्हातारे, आजारी आणि लहान मुलं यांच्यापुरती ठेवा.

ठाणेकरीण
रोखठोक, शिदोरीने लिहिलंय की ती बांधकाम मजुरांची वस्ती आहे. तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या स्लॅबचं काँक्रीट ज्यांनी डोक्यावरून वाहिलं ते "हात चालवत नाहीत"?

आण्णा_लातूर
मी ७२ चा दुष्काळ पाहिलाय. तेव्हा शाळेत होतो. विहिरी कोरड्या, जनावरं कवडीमोलाने गेली. आमची आई आणि चुलती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. चांगल्या घरच्या बायका डोक्यावरचा पदर खाली ओढून खडी फोडत होत्या, कारण ओळखीचं माणूस दिसलं तर लाज वाटायची. मजुरीवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी घ्यायची. भाकरी थापली की चिरायची, घशाखाली उतरायची नाही. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. तिची गोड चव अजून तोंडात आहे.

रोखठोक यांच्यासाठी सांगतो. त्या वेळी लोकांनी फुकट मागितलं नाही, काम मागितलं. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते ही सगळी त्या माणसांच्या हातची कामं. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्यातूनच राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे आधी महाराष्ट्राने केलं, देशाने खूप उशिरा. भुकेला माणूस आळशी असतो हे मला तरी पटत नाही. मी भुकेली माणसं उन्हात खडी फोडताना बघितली आहेत.

रोखठोक
आण्णा, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. काम द्या, दाम द्या. मी तेच म्हणतोय.

आण्णा_लातूर
मग आपलं एकमत आहे. फक्त काम नसलेल्या दिवशी, आणि दाम अडकवून ठेवलेल्या आठवड्यात, लेकरांनी काय खायचं एवढाच प्रश्न उरतो.

जव्हारकर
शिदोरी, तुमच्या वस्तीत जव्हार-मोखाड्याची कुटुंबं आहेत हे वाचून लिहायला बसलो. मी या भागात एका संस्थेत काम करतो, नाव देत नाही.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर बरंच झालं. अंगणवाड्या वाढल्या, ग्राम बाल विकास केंद्रं आली, २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. मी रोज पाहतो, जिथे अंगणवाडीताई मनापासून चालवते तिथे फरक पडतो. पोरं वजनकाट्यावर चढायला स्वतःहून येतात.

पण दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ठेकेदाराची उचल आधीच घेतलेली असते. भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर. तिथे पोराची अंगणवाडी सुटते, शाळा सुटते, शाळेतली खिचडीही सुटते. गावात वजन वाढलेलं पोर पावसाळ्याआधी परत येतं ते पुन्हा सॅममध्ये. म्हणजे अतितीव्र कुपोषित. हे दरवर्षी होतं.

तुमच्या वस्तीत तेच चाललेलं असणार. म्हणून माझं पहिलं सांगणं, सहा वर्षांखालच्या मुलांची आणि गरोदर बायकांची यादी करा आणि जवळच्या अंगणवाडीत घेऊन जा. स्थलांतरित असले तरी त्यांना तिथला आहार मिळाला पाहिजे. ताईंना भेटताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका. त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आणि मोबाइल ॲपचा ताप असतो. मुलं उचलून आणायला, उंची-वजन घ्यायला तुमच्या दोघी गेल्या तर त्या आनंदाने नावं घेतील.

दुसरं, लहान मुलाला एका वेळी भरपूर खिचडी देऊन उपयोग नसतो. त्याचं पोट मुठीएवढं. त्याला थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, वरून तेल घातलेलं अन्न लागतं. आई परांची चढून विटा देतेय आणि पोर वाळूच्या ढिगाऱ्यावर सहा वर्षांच्या बहिणीकडे आहे, तर ते भरवणार कोण? तुम्हाला दिवसा चालणारं पाळणाघर जमवता आलं तर रविवारच्या जेवणापेक्षा शंभर पटीने बरं. बिल्डरकडे मागा. बांधकामाच्या जागी ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असतील तर पाळणाघर कायद्याने बंधनकारक आहे.

ती बाई तेल मागत होती यात मला नवल वाटलं नाही. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात. तेल-डाळ मिळत नाही.

खारीबिस्कीट
जव्हारकर, तुमच्या एका प्रतिसादात धाग्याचं अर्धं उत्तर आलं. अजून लिहा.

पुरवठा_शाखा
मी पुरवठा खात्यातून निवृत्त झालो. रेशनबद्दल लोकांच्या मनात इतका घोळ आहे की थोडं सविस्तर लिहितो.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. पिवळं अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणजे पाच जणांच्या घराला २५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये होता, जानेवारी २०२३ पासून मोफत. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार. ठाण्यात राहणारं कुठलं कुटुंब वर्षाला ५९ हजारांत जगतं, हा प्रश्न मी नोकरीत असताना वर अनेकदा मांडला.

आता शिदोरींच्या वस्तीबद्दल. या लोकांकडे कार्ड बहुधा गावी असतं. लोकांना वाटतं की इथे नवं कार्ड काढावं लागेल. लागत नाही! 'एक देश एक रेशनकार्ड' आहे. जालन्याच्या कार्डावर ठाण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. कार्ड अन्नसुरक्षेतलं हवं आणि आधार जोडलेला हवा, एवढंच. महाराष्ट्र आणि गुजरातची जोडी तर २०१९ मध्येच सुरू झाली होती. झारखंडच्या कुटुंबांनाही हेच लागू. गावी म्हातारे आई-वडील असतील तर त्यांच्या वाट्याचं धान्य तिकडे आणि इकडच्यांचं इकडे, असंही उचलता येतं.

दुकानदार सांगतो, "तुमचं कार्ड आमच्याकडचं नाही." त्याच्याशी भांडू नका, शांतपणे सांगा की पॉस मशीनवर (धान्य देताना अंगठा घेतात ते यंत्र) कार्डाचा बारा आकडी नंबर टाकून बघा. मशीनने नाव दाखवलं की विषय संपला. तरी नाही म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. धान्य घेतलं की पावती मागायची, पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळवायचे. ही सवय एकदा वस्तीला लागली की पुढची निम्मी गडबड आपोआप थांबते.

शिदोरी
पुरवठा_शाखा, तुमचे किती आभार मानू! आज संध्याकाळीच ठाणेकरीण आणि मी वस्तीत जाऊन आलो. बऱ्याच जणांकडे कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आहे. तीन अडचणी कळल्या:

सिमेंटमध्ये काम करून बायकांची बोटं झिजली आहेत, अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवतात. काही लग्न झालेल्या मुलींचं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे, सासरच्या कार्डात नाही, त्यामुळे त्यांना आणि मुलांना काहीच मिळत नाही. आणि काहींचं नाव ई-केवायसी नाही म्हणून बंद झालंय असं म्हणतात.

आणि ती तेलवाली बाई भेटली. तिच्या मुलीचं नाव कार्डात नाही. मुलगी चार वर्षांची आहे.

पुरवठा_शाखा
एकेक घेऊ.

अंगठा: दहाही बोटं लावून बघायची, आधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. नवीन पॉस मशीनला डोळ्यांच्या स्कॅनरची सोय आहे, ती मागायची. घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, कार्डावर नाव असलं की झालं. हे बायकांना कुणी सांगतच नाही.

ई-केवायसी: यासाठी गावी जायची गरज नाही, कुठल्याही रेशन दुकानात होतं. चेहऱ्यावरून करायचं 'मेरा ई-केवायसी' ॲपही आहे. तुमची कॉलेजची मुलं वाढायला येतात ना, त्यांना हे काम द्या.

माहेरचं नाव: इथे सगळ्यात जास्त बायका अडकतात. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, मग सासरच्या कार्डात नाव चढतं. एखादी परभणीहून रोज बुडवून कशी जाणार? माहेरच्या भावाला फोन करून त्याच्याकडून अर्ज करून घ्या. गंमत बघा, अन्नसुरक्षा कायद्यातच लिहिलंय की घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असेल. आणि नाव नसल्याने अडकतात त्याही बायकाच.

मुलीचं नाव: जन्मदाखला, आधार. दाखला आहे का विचारा. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर त्या हद्दीतल्या नोंदीत सापडेल.

एक खरं सांगून ठेवतो. अर्ज केला की लगेच धान्य सुरू होईलच असं नाही. राज्याला ठरवून दिलेला इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ७ कोटी लोकांच्या आसपास आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर काढलेला आहे. कुणी कमी झालं की नवीन नाव आत जातं. तोवर घरात माणशी ५ किलो कमीच येतं. त्या रिकाम्या जागी तुमच्यासारखे गट उभे राहिले तर खरा उपयोग आहे.

वऱ्हाडी_ठेचा
लंगराचं कोणी काहीच बोललं नाही? लॉकडाउनमध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ हायवेवर बाबा करनैलसिंग खैरांचं लंगर अहोरात्र चालू होतं. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. तिकडे मैलोन् मैल एक ढाबा उघडा नव्हता अन् हैदराबादकडून नागपूरकडे माणसांचे लोंढेच्या लोंढे चाललेले. चहा-बिस्किटं, डाळभात, आंघोळीला पाणी आन् साबणसुद्धा! जात विचारली नाही, कार्ड विचारलं नाही, आधार विचारला नाही. रेशनचं सगळं खरं आहे भाऊ, पण हायवेवर चालणाऱ्या माणसाला पॉस मशीन काय कामाचं? दोन्ही पाहिजेत.

पुरवठा_शाखा
शंभर टक्के मान्य. मी स्वतः त्या काळात कार्ड नसलेल्या माणसांना रोज परत पाठवताना पाहिलंय. ते चेहरे विसरता येत नाहीत.

खारीबिस्कीट
थोडं अवांतर. आमच्याकडे साताऱ्याला अंनिसची मंडळी होळीला पुरणपोळ्या गोळा करतात. 'होळी लहान करा, पोळी दान करा.' आगीत टाकायच्या पोळ्या वस्तीत जातात. माझी आजी कडक देवभोळी, आधी नाराज होती. नंतर स्वतःच दोन पोळ्या जास्तीच्या करायला लागली, आणि त्यावर तूप सोडलंय की नाही ते तपासून पाठवायची.

मिठाची_पुडी
@खारीबिस्कीट आजींना नमस्कार. आमच्याकडे पोळ्या गोळा होतात, पण वाटेपर्यंत दोन कमी का होतात ते शोधायला अजून समिती बसवायची आहे. :)

लग्नातल्या उरलेल्या अन्नाबद्दल लिहायचं होतं. आम्ही नाशिकमध्ये हे करतो. दोन गोष्टी पाळतो. जे पंगतीत वाढून झालंय ते घ्यायचं नाही, भांड्यात राहिलेलंच घ्यायचं. आणि घेताना अन्न कढत हवं, ६० अंशांच्या वर, नाहीतर नको. दुधाची मिठाई, बासुंदी, दही, खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात सरळ नाकारतो. यजमान रागावतात, "गरिबांना चालतं हो!" म्हणतात. चालत नाही. त्यांच्याकडे जुलाब झाले तर दोन दिवसांची मजुरी जाते आणि मूल असेल तर जीवावर बेततं. शिदोरी, शिजवलेलं द्यायचं चालू ठेवलंत तर ताजंच द्या, जसं आता देता.

न्यूजर्सीकर
इकडे मी आमच्या मराठी मंडळातर्फे शनिवारी एका फूड पँट्रीत जातो. अमेरिकेतली पहिली फूड बँक १९६७ ची, ॲरिझोनातल्या फिनिक्समधली, त्यामुळे इकडे या कामाचा बराच अनुभव साठलेला आहे. पूर्वी सगळ्यांना सारखंच बंद खोकं मिळायचं. आता आमच्या पँट्रीत दुकानासारखी मांडणी असते, माणूस पिशवी घेऊन फिरतो आणि हवं ते निवडतो. तेव्हापासून वाया जाणं फार कमी झालं. आपल्याकडचीच एक बाई येते, नवऱ्याने सोडलेली, व्हिसाच्या भानगडीमुळे काम करता येत नाही. खोक्यातले ट्यूना मासे आणि चीज मॅकरोनी तिला नको असायचं. आता ती राजमा, तांदूळ आणि बटाटे घेते. किराणा देणार असाल तर निवडू द्या.

जव्हारकर
न्यूजर्सीकरांचा मुद्दा फार मोलाचा. आमच्याकडे शहरातून गाड्या येतात, त्यात नूडल्स, बिस्किटं, जुन्या साड्या. एकदा पनीर आलं होतं, एप्रिलमध्ये. आमच्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं: गोडं तेल, तूरडाळ किंवा मसूर, सुका जवळा, मीठ, मिरची, कपड्यांचा साबण. सुका जवळा ऐकून शहरातले गट मागे सरतात. पण भातावर मूठभर जवळ्याचं कालवण झालं की आमचं पोर दोन घास जास्त जेवतं.

ठाणेकरीण
जवळा मी आणते. भाईंदरला माझी ठरलेली कोळीण आहे.

रोखठोक
सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत अजून तेच आहे की धडधाकट माणसाला कायमचं फुकट देऊ नये. पण आण्णा म्हणाले ते दाम अडकवून ठेवण्याचं खरं आहे. आमच्या भागातही ठेकेदार हिशेब हंगाम संपेपर्यंत टांगून ठेवतात, मी स्वतः दर शनिवारी देतो. शिदोरी, तुमच्या वस्तीतल्या लोकांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी झाली आहे का बघा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाची मदत म्हणजे त्यांच्या घामाचे, बिल्डरकडून उपकर घेऊन साठवलेले पैसे आहेत, भीक नाही. यासाठी माझ्याकडून वर्गणी घ्या.

आण्णा_लातूर
रोखठोक, शाबास. लातूरला आलात तर घरी जेवायला या. मिलोची नाही, चांगल्या मालदांडीची भाकरी करू.

नाना_पेठ
मी पैसे घ्या म्हणालो होतो. परळच्या ताईंचं वाचून वाटतं, तो नियम रोजगार असलेल्यांपुरता. वस्तीसाठी मात्र अजून म्हणेन की तेल-डाळ अर्ध्या किमतीत ठेवा. घाऊक बाजारातून पंधरा लिटरचा डबा आणला तर स्वस्त पडतो. बाई बाटली घेऊन येईल, तिला हवं तेवढं, पाव लिटर तर पाव लिटर, मोजून घेऊन जाईल. वस्तीतल्याच एखादीला मापाचं काम पगारी द्या.

मिठाची_पुडी
सुट्टं तेल विकायला कायद्याने बंदी आहे हो. भेसळीमुळे घातलेली. पाव-अर्ध्या लिटरच्या पिशव्या घाऊकमध्ये मिळतात, त्या घ्या.

नाना_पेठ
बरोबर. पिशव्याच घ्या मग.

शिदोरी
काल गटाची बैठक झाली. धागा छापून नेला होता, सगळ्यांनी वाचला. ठरलं ते असं.

रविवारचं जेवण महिन्यातून एकदाच, तेही वस्तीतल्या बायकांनी सांगितलेलं. त्यांनी पहिल्यांदा ज्वारीची भाकरी आणि पिठलं सांगितलंय. भाकरी आमच्यापेक्षा त्याच चांगल्या थापतात, म्हणून त्यांच्यातल्या दोघींना त्या दिवसाची मजुरी देऊन बोलावणार. उरलेल्या रविवारचे पैसे तेल, डाळ, शेंगदाणे, मीठ आणि साबणाला. अर्ध्या किमतीत. ज्यांच्या घरी आजारपण आहे किंवा नवरा कामावर पडून जायबंदी झालाय त्यांना पूर्ण मोफत, पण ते बाकीच्यांसमोर नाही, घरी जाऊन.

पुढच्या शनिवारी रेशनची शिबिरवजा बैठक. आमच्या क्लबहाउसमध्ये घ्यायची होती, पण बायका म्हणाल्या, गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत यायला नको वाटतं. म्हणून वस्तीतल्याच मारुतीच्या पाराजवळ. कॉलेजच्या चार मुलांनी ई-केवायसीचं अंगावर घेतलंय. रोखठोक, तुमची वर्गणी पोचली, मंडळाच्या नोंदणीचे अर्ज त्यातून छापतोय.

अंगणवाडीच्या ताई भेटल्या. मुलांचं वजन घ्यायला बुधवारी येते म्हणाल्या.

अजून एक विचारायचं आहे. त्या चार वर्षांच्या मुलीचा जन्म भिवंडीजवळच्या वीटभट्टीवर झाला, दवाखान्यात नाही. जन्मदाखला नाही. आता काय करायचं?

पुरवठा_शाखा
घरी जन्म आणि वर्ष उलटून गेलेलं, म्हणजे उशिराची नोंद. जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीतून आधी 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा, मग तहसीलला अर्ज. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र आणि गरोदरपणात आशाताईने किंवा उपकेंद्रात दिलेलं लसीकरणाचं कार्ड असेल तर ते. ते कार्ड शोधायला सांगा, बाया जपून ठेवतात. वेळ लागेल, तीन-चार हेलपाटे होतील. शनिवारी मीच ठाण्याला येतो, मुलुंडला मुलगी असते माझी. आईला आणि कागदांना थांबवून ठेवा.

जव्हारकर
भट्टी कुठल्या गावची ते कळवा. भिवंडीच्या बाजूला आमचे दोघे कार्यकर्ते आहेत, ग्रामपंचायतीचा हेलपाटा ते करतील. तिच्या आईचा रोज बुडायला नको.

ठाणेकरीण
झेरॉक्सवाल्याला शनिवारी दिवसभर दुकान उघडं ठेवायला सांगितलंय. कोणाला यायचं असेल तर सकाळी नऊला पाराजवळ. येताना पेन आणा, शाईचा पॅड मी आणते.